ऑर्किडचं पिल्लू आईपासून कधी तोडायचं आणि कुंडीत कसं लावायचं

ऑर्किडच्या फुलदांड्यावर पिल्लू, म्हणजे आईच्या अंगावरच फुटलेलं नवं रोपटं, दिसलं, दोन पानं उघडली, तिसरं डोकावलं की हात शिवशिवायला लागतात. कात्री निघते, सापडेल ती कुंडी येते, ओलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) ठासून भरलं जातं. महिन्याभरात पिल्लू बुडाशी तपकिरी होतं आणि उचलायला जावं तर अलगद हातात येतं. मग दोष पाण्याला, खताला, हवेला. बहुतेक वेळा त्या पिल्लाचा निकाल तोडलं त्याच दिवशी लागलेला असतो, कारण पानं मोजून तोडलं आणि मुळांकडे कुणी पाहिलंच नाही.

घरात पिल्लं येतात ती बहुतेक फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम या दोन प्रकारच्या ऑर्किडना, म्हणून इथे या दोघांपुरतंच बोलू. ऑर्किडवाले याला केकी म्हणतात. हा हवाई भाषेतला शब्द, अर्थ मूल. आपण पिल्लूच म्हणू.

## टप्पा १: ते पिल्लूच आहे का, आणि कुठून आलंय?

फॅलेनॉप्सिसच्या फुलदांड्यावर थोड्या थोड्या अंतरावर पेरं असतात आणि प्रत्येक पेराला झाकलेला एक डोळा असतो. हा डोळा फुटला की त्यातून फुलांची नवी फांदी येऊ शकते किंवा पिल्लू. पहिले काही दिवस दोन्ही सारखीच दिसतात. फांदीचं टोक बोथट असतं, मिटलेल्या बोटांसारखं, आणि ती लांबत जाते. पिल्लू लांबत नाही. त्याची चपटी, टोकदार पानं दोन बाजूंना उघडायला लागतात. शंका असेल तर तीन आठवडे थांबा, आपोआप कळेल.

डेंड्रोबियममध्ये पिल्लं कांडीच्या (पेरापेरांच्या उभ्या खोडाच्या) वरच्या पेरांवर येतात, बहुधा पानं गळून गेलेल्या जुन्या कांडीवर. एकाच कांडीवर तीन-चार आली तरी घाबरायचं कारण नाही, पण झाड काहीतरी सांगतंय हे लक्षात घ्या. नोबिल जातीच्या डेंड्रोबियमला फुलं येण्याआधी थंड आणि कोरडा विसावा लागतो. त्या काळात पाणी आणि नत्राचं खत चालूच राहिलं, तर फुलांच्या डोळ्यांतून पिल्लं निघतात. मुळं सडलेली असली तरीही तसंच होतं.

तिसरा प्रकार बुडातून येणाऱ्या पिल्लाचा. फॅलेनॉप्सिसच्या मुख्य खोडालाच, पानांच्या बगलेतून, शेजारी नवं रोप फुटतं. आईचा मधला पोंगा (नवी पानं फुटतात तो गाभा) कुजून मेला असेल तर हे हमखास होतं.

सावध: बुडातून आलेलं पिल्लू तोडू नका. आईचा पोंगा मेला असेल तर ते पिल्लू म्हणजे त्याच झाडाची पुढची वाढ असते, ते जुन्याच मुळांवर जगतं. जुनी पानं हळूहळू वाळतील आणि पिल्लू त्यांची जागा घेईल. खालचं सगळं या लेखात फक्त फुलदांड्यावरच्या आणि कांडीवरच्या पिल्लांसाठी आहे.

## टप्पा २: वेळ झाली का?

पट्टी घ्या. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, मुळं नेहमी असतात त्यापेक्षा लांब वाटतात.

पिल्लाला स्वतःची किमान तीन मुळं हवीत आणि त्यातली निदान दोन ५ ते ७ सेंटिमीटर लांब हवीत. पानं दोन-तीन असली की पुरे. पाच पानं आणि एक सेंटिमीटरचं एकच मूळ असलेलं पिल्लू तयार नाही. दोन पानं आणि चार धष्टपुष्ट मुळं असलेलं तयार आहे. पानांतून पाणी उडत राहतं. आईपासून तोडलं की ते भरून काढायचं काम एकट्या मुळांवर येतं. पानं जितकी जास्त, तितकी ही ओढ जास्त. पाच पानांचं बिनमुळांचं पिल्लू दोन पानांच्या पिल्लापेक्षा लवकर सुकतं ते यामुळेच.

लांबीइतकंच मुळाचं टोक महत्त्वाचं. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. मूळ वाढत असेल तर टोकाचा अर्धा-एक सेंटिमीटर या आवरणाबाहेर चकचकीत दिसतो, हिरवा, कधी लालसर किंवा जांभळट. असं टोक कुंडीत गेलं की पुढची वाढ तिथल्या ओलाव्याला जुळवून घेऊनच होते. पांढरं आवरण अगदी टोकापर्यंत आलं असेल तर मूळ थांबलेलं आहे. हवेत वाढलेलं आणि थांबलेलं मूळ ओल्या माध्यमात (कुंडीत मातीऐवजी भरतात त्यात) पुरलं की ते नुसतं पडून राहतं आणि पडून राहिलेलं कुजतं. सगळीच टोकं बंद दिसत असतील तर नवी टोकं फुटेपर्यंत थांबा.

फार थांबणंही चांगलं नाही. मुळं १०-१२ सेंटिमीटरच्या पुढे गेली की ताठ होतात, चहूकडे पसरतात आणि लहान कुंडीत वळवताना मोडतात. माझं एक पिल्लू मी कौतुकाने दीड वर्ष दांड्यावर ठेवलं होतं. लावायला घेतलं तेव्हा त्याची मुळं कोळ्याच्या पायांसारखी झाली होती. सातपैकी तीनच शाबूत कुंडीत गेली.

हवामानाचं म्हणाल तर उबदार दिवस आणि भरपूर उजेड असतानाच हे काम करा. थंडीत, ढगाळ दिवसांत वाढ मंदावते, जखमा ओल्या राहतात आणि बुरशीचं फावतं. आईवर फुलं असतील तर थांबायला आयतंच कारण मिळालं, फुलं संपू द्या, तोवर मुळंही वाढतील.

तपासणी: तीन मुळं आहेत? दोन तरी ५ सेंटिमीटरच्या वर आहेत? निदान एकाचं टोक चकचकीत आहे? यातलं एक जरी उत्तर ‘नाही’ असं असेल तर कात्री परत ठेवा.

### मुळं येतच नसतील तर

पानं वाढतायत आणि मुळांचा पत्ता नाही, ही सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार. पिल्लू आईवरच राहू द्या. ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस पिल्लाच्या बुडाभोवती सैलसर गुंडाळा आणि मऊ दोऱ्याने एक वेढा द्या. रोज सकाळी त्याच्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. मॉस पानांच्या खाली राहिलं पाहिजे, पानांच्या बगलेत शिरता कामा नये. थेंब गळतील इतकं ओलंही नको. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, बुडाशी हिरवे टेंभे दिसतात. तेच मुळांचं तोंड.

### आईच मरत असेल तर

या एकाच वेळी नियम मोडायचा. फुलदांडा बुडाकडून पिवळा पडत वर येत असेल किंवा आई कुजत असेल तर पिल्लाची रसद तुटलेली आहे, थांबून काही मिळणार नाही. मुळं आखूड असली तरी काढा. मात्र त्याला कुंडीत पुरू नका. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओलसर मॉसचा पातळ थर द्या आणि पिल्लू त्यावर नुसतं टेकवा. डबा उजेडात ठेवा, उन्हात नाही. झाकण रोज थोडा वेळ उघडा. मुळं लांबली की पुढचे टप्पे करा.

## न कापता लावायचा रस्ता

कापण्याआधी हे वाचा. जमण्यासारखं असेल तर मी दरवेळी हाच मार्ग धरतो.

जाई-मोगऱ्याची फांदी आईला जोडलेलीच ठेवून मातीत दाबतो, त्या दाब कलमाचीच ही कल्पना. फुलदांडा किंवा कांडी वाकण्याजोगी असेल तर आईच्या शेजारी लहान कुंडी उंचीला लावून ठेवा. खाली वीट, उलटा डबा, काहीही चालेल. पिल्लाची मुळं त्या कुंडीत सोडा, भोवती माध्यम भरा आणि दांडा तारेच्या आकड्याने हलणार नाही असा अडकवा. पिल्लाला आईकडून पाणी मिळत राहतं आणि दरम्यान त्याची मुळं नव्या कुंडीला सरावतात. या मार्गाने मुळं तीन सेंटिमीटरची असली तरी भागतं. दोन-तीन महिन्यांनी नवं पान किंवा कुंडीच्या भिंतीला टेकलेलं नवं मूळ दिसलं की मधला दांडा कापून टाका.

दांडा सुकून कडक झाला असेल किंवा पिल्लू फार उंचावर असेल तर हे जमत नाही. जोर लावलात तर दांडा मोडतो आणि निर्णय तुमच्या हातून जातो.

## टप्पा ३: सामान आधी जमवा

पिल्लू कापून बाजूला ठेवायचं आणि मग कुंडी शोधायला निघायचं, हा क्रम टाळा. सगळं टेबलावर मांडून झाल्यावरच पातं हातात घ्या.

कुंडी. पाचपैकी चार चुका इथेच होतात. पिल्लू मोठं होणारच आहे म्हणून लोक मोठी कुंडी घेतात. मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळत नाही आणि पिल्लाच्या चार मुळांना तेवढं पाणी पिता येत नाही. ५ ते ७ सेंटिमीटर तोंडाची कुंडी घ्या. मुळं आत गेल्यावर भोवती बोटभर जागा उरली की माप बरोबर. पारदर्शक प्लास्टिकचा पेला सर्वांत सोयीचा, कारण आतलं मूळ आणि ओलावा दोन्ही बाहेरून दिसतं. तापवलेल्या खिळ्याने तळाला सहा-सात आणि बाजूंना खालच्या अंगाला चार-पाच भोकं पाडा. तळाला एकच भोक ठेवून चालत नाही.

माध्यम. माती नको, शेणखत नको, कोकोपीटचा भुसाही नको. हे तिन्ही मुळांभोवतीची हवा बंद करतात. झाडाच्या सालीचे ५ ते १० मिलिमीटरचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, बारीक कोळसा, स्फॅग्नम मॉस, यातलं काहीही चालेल. आईला वापरतो ते मोठे तुकडे पिल्लाला देऊ नका. आखूड मुळांना त्यांचा आधार मिळत नाही आणि ओलावाही नाही. साल आदल्या रात्री भिजत घाला, कारण कोरडी साल पहिले कित्येक दिवस पाणी घेतच नाही. सोडणाच्या तुकड्यांत मीठ असू शकतं, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा.

साल घ्यावी की मॉस, हे झाडापेक्षा तुमच्या हातावर अवलंबून आहे. झारी घेऊन दिवसातून तीनदा फेरी मारणाऱ्याने साल घ्यावी. आठवडाभर आठवणच न होणाऱ्याने मॉस. मला स्वतःला दोन भाग साल, एक भाग मॉस आणि मूठभर कोळसा असं मिश्रण बरं वाटतं.

बाकीचं. कोरं पातं, बांबूची एक बारीक काडी, मऊ दोरा, दालचिनीची पूड, एक वाटी पाणी आणि तारीख लिहायला पट्टी.

सावध: झाडं कापायची नेहमीची कात्री तशीच वापरू नका. ऑर्किडमध्ये सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू सर्रास आढळतात, ते रसातून एका झाडाचे दुसऱ्या झाडाला लागतात आणि त्यांवर इलाज नाही. स्पिरिटने पुसल्यावर बुरशी आणि जिवाणू बरेचसे जातात, विषाणूंचा मात्र भरवसा देता येत नाही. प्रत्येक झाडाला नवं पातं, किंवा धातूचं पातं ज्योतीवर लाल होईपर्यंत धरून गार केलेलं. विषाणू असलेल्या आईचं पिल्लूही तसंच निघतं. आईच्या पानांवर खोलगट काळे चट्टे किंवा पिवळ्या रेघांची नक्षी असेल, तर त्या झाडाची पिल्लं वाढवण्याच्या फंदात न पडलेलं बरं.

## टप्पा ४: कापणं

आदल्या दिवशी आईला नेहमीसारखं पाणी द्या, म्हणजे पिल्लाची पानं भरलेली असतात. कापण्याच्या पंधरा मिनिटं आधी पिल्लाच्या मुळांवर दोन-तीनदा फवारा मारा. रुपेरी मुळं हिरवी झाली की ती लवचिक झाली. कोरडं मूळ वाकवलं की टक्कन मोडतं. ते टक ऐकू येतं तोवर उशीर झालेला असतो.

फॅलेनॉप्सिसचं पिल्लू बुडातून उपटायचं नाही. त्याच्या वर आणि खाली सुमारे २ सेंटिमीटर दांडा राखून दोन काप द्या. पिल्लू त्या तुकड्यासकट येतं. हा तुकडा पुढे मूठ म्हणून उपयोगी पडतो आणि पिल्लाच्या अंगाला जखम होत नाही. काही महिन्यांत तो आपणच वाळतो. खालचा दांडा हिरवा असेल तर आईवर राहू द्या, पिवळा झाला असेल तर बुडापासून बोटभर ठेवून कापा.

डेंड्रोबियमचं पिल्लू कांडीला एका बारीक देठाने चिकटलेलं असतं. पातं कांडीला लगटून चालवा. काही वेळा हलका पीळ दिला तरी ते सुटतं, पण कांडी सोलून निघायला लागली तर लगेच थांबा आणि पातं घ्या. कांडी हिरवी आणि टणक असेल तर ठेवा, ती आईचं साठवणीचं कोठार आहे.

सगळ्या कापलेल्या तोंडांना दालचिनीची पूड लावा, बोटाच्या टोकाने, चिमूटभर.

सावध: दालचिनी मुळांवर पडू देऊ नका. ती ओलावा ओढून घेते. जखमेला याचा फायदा होतो, मुळाला तोच फटका. पडलीच तर लगेच पाण्याने धुवा.

पिल्लावर आधीच फुलदांडा आला असेल तर तोही आता काढा. जिवावर येतं, मान्य आहे. पण नुकतं वेगळं झालेलं रोप फुलं आणि मुळं ही दोन्ही ओझी पेलत नाही.

पिल्लू तासभर सावलीत, कागदावर ठेवा. जखमा वरून कोरड्या होतील.

## टप्पा ५: कुंडीत बसवणं

मुळं दहा-पंधरा मिनिटं वाटीतल्या पाण्यात बुडवा, कापलेली तोंडं पाण्याबाहेर. पाणी फार गार नको. तोवर कुंडीच्या तळाशी सालीचे थोडे मोठे तुकडे टाका.

आता मुळं आत घालायची. इथे सगळे चुकतात ते असं: कुंडी अर्धी भरतात, मध्ये खड्डा करतात आणि मुळं त्यात ढकलतात. टोकं तिथेच मोडतात. त्याऐवजी रिकामी कुंडी घ्या, मुळं तोंडाशी टेकवा आणि पिल्लू स्थिर धरून कुंडी स्क्रूच्या झाकणासारखी हळूहळू फिरवत वर आणा. मुळं भिंतीला धरून गोल वळत आत जातात. एखादं मूळ अडून बसलं तर त्याला बाहेरच राहू द्या. हवेतलं मूळही कामाचं असतं. दोन मुळं आत आणि दोन बाहेर, असं पिल्लू उत्तम जगतं.

मग माध्यम चिमटी-चिमटीने मुळांच्या मधून सोडा. दर दोन चिमट्यांनंतर कुंडी टेबलावर हलकेच आपटा. तुकडे आपली जागा शोधतात. अंगठ्याने दाबायचं नाही. नुसतं मॉस वापरत असाल तर आधी मुठीत धरून पाणी टपकायचं थांबेपर्यंत पिळा, मग मुळांभोवती विसविशीत गुंडाळून ठेवा. भरलेली कुंडी बोटाने दाबल्यावर उशीसारखी परत वर आली पाहिजे. दगडासारखी लागली तर काढून परत भरा.

खोली: मुळं जिथून फुटतात ती जागा माध्यमाच्या पृष्ठभागाला टेकलेली आणि सर्वांत खालच्या पानाचं बूड पूर्ण उघडं. डगमगतंय म्हणून लोक पिल्लू खोल पुरतात. खालच्या पानाच्या बगलेत ओल राहते आणि कुज तिथूनच सुरू होते. डगमगण्याला उपाय काठीचा.

काडी कुंडीच्या कडेने आत खोचा, मुळं चुकवून. फॅलेनॉप्सिसला दांड्याचा जो तुकडा राखला, तो काडीला बांधा. डेंड्रोबियमच्या पिल्लाला त्याच्या कोवळ्या कांडीभोवती आठाच्या आकड्यासारखा सैल फास द्या. फॅलेनॉप्सिसचं पिल्लू जरा कलतं बसवा, म्हणजे पोंग्यात पडलेलं पाणी वाहून जाईल.

तपासणी: कुंडी उचलून हलकेच हलवा. पिल्लू कुंडीबरोबर हलायला हवं, स्वतंत्र डोलता कामा नये. डोलणाऱ्या पिल्लाची प्रत्येक नवी मुळी तुकड्यांना घासून टोकाला झिजते आणि ते महिनोन्महिने जागच्या जागी राहतं. हलत असेल तर दुसरी काडी लावा.

पट्टीवर तारीख आणि आईचं नाव लिहा. पिल्लू आईची हुबेहूब प्रत असतं, फुलं तीच येतात. पण दोन वर्षांनी चार कुंड्यांतली कुठली कुणाची, हे कुणालाही आठवत नाही.

## टप्पा ६: पहिले सहा आठवडे

जागा. आईला मिळत होता त्यापेक्षा थोडा कमी उजेड द्या. दुपारी कुंडीवर हात धरून बघा. सावलीची कड ठळक दिसली तर उजेड जास्त आहे, पुसट दिसली तर ठीक, सावलीच पडली नाही तर कमी. थेट ऊन आणि पंख्याचा झोत दोन्ही टाळा. तापमान २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं की पिल्लू खूश.

दमटपणा. हवेत ६० ते ७० टक्के दमटपणा असेल तर वेगळं काही करू नका. कोरड्या हवेत कुंडीवर पारदर्शक पिशवी सैल घाला, तिला पाच-सहा भोकं पाडा आणि रोज अर्धा तास काढून ठेवा. पिशवीच्या आत दिवसभर थेंब जमलेले दिसले तर भोकं वाढवा. गच्च बंद पिशवीत पिल्लू वाचण्यापेक्षा बुरशीच जास्त जोमाने वाढते.

पाणी. पहिले दोन दिवस काही नाही, माध्यम आधीच ओलं आहे. नंतर वार ठरवून पाणी घालू नका, कुंडी बघून घाला. पारदर्शक भिंतीतून मुळं हिरवी दिसतायत आणि आत दव धरलंय, तर थांबा. मुळं रुपेरी झाली, दव गेलं आणि कुंडी हातात हलकी लागली की पाणी. लावल्या दिवशी आणि पहिल्यांदा पूर्ण वाळल्यावर कुंडी हातात तोलून बघा, तो फरक एकदा हाताला कळला की पुढे काही मोजावं लागत नाही. मॉस मात्र कडकडीत वाळू देऊ नका, वरचा थर कोरडा आणि आत जेमतेम ओल असतानाच पाणी द्या, नाहीतर ते पुन्हा पाणी धरत नाही.

पाणी सकाळी द्या. पोंग्यात साचलं तर कागदाची वळी करून टिपून घ्या. क्षारांचं पाणी असेल तर मुळांची टोकं काळी पडतात आणि कुंडीच्या कडेवर पांढरी पुटं चढतात, अशा ठिकाणी साठवलेलं पावसाचं किंवा गाळून क्षार काढलेलं पाणी वापरा.

खत. नवं पान किंवा नवं हिरवं टोक दिसेपर्यंत शून्य. दिसल्यावर विरघळणारं समतोल खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही आधी साधं पाणी देऊन. जखमी मुळांना खत म्हणजे मीठ चोळणं.

## पानं सुरकुतली, आता काय?

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा प्रसंग हमखास येतो. खालचं पान मऊ पडतं, उभ्या सुरकुत्या येतात आणि हात झारीकडे जातो. थांबा, आधी मुळं बघा.

मुळं रुपेरी, टणक आणि माध्यम कोरडं असेल तर पाणी कमी पडतंय. द्या. मुळं टणक, हिरवी आणि माध्यम ओलं असेल तर पिल्लू नव्या जागेला सरावतंय. काही करू नका, पिशवी घालून दमटपणा वाढवला तर बास. पण मुळं तपकिरी, दाबल्यावर पोकळ लागतायत आणि आवरण निसटून आतला दोरा राहतोय, तर ती कुजली आहेत. सुरकुत्या पाण्यानेच आल्या आहेत आणि आणखी पाणी घातलंत तर उरलेली मुळंही जातील. पिल्लू बाहेर काढा, कुजलेलं सगळं कापा, एक दिवस कोरडं राहू द्या आणि आधी सांगितलेल्या झाकणाच्या डब्यात मॉसवर टेकवा.

सर्वांत खालचं एखादं पान पिवळं होऊन गळालं तर चालतं. मधलं पान बुडाशी पिवळं किंवा काळं पडलं तर ते गंभीर आहे. पानावर पाणथळ डाग पडून तो तासातासाने पसरत असेल आणि दुर्गंधी येत असेल तर जिवाणूंची कूज आहे. डागाच्या पलीकडे दोन सेंटिमीटर निरोगी भाग घेऊन त्याच दिवशी कापा आणि कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब न्या.

काहीच दिसत नाही, पिल्लू जसंच्या तसं, असं दोन महिने चाललं तरी उपसून बघायचं नाही. मी एकदा दर आठवड्याला उपसून मुळं वाढली का ते पाहत होतो. ती वाढत नव्हती, कारण मी दर आठवड्याला उपसत होतो.

## पुढचं वर्ष

सहा आठवड्यांनंतर पिल्लू हळूहळू आईइतक्या उजेडात न्या, एका झटक्यात नाही. बांधलेली काडी पिल्लू स्वतःच्या मुळांवर घट्ट बसेपर्यंत राहू द्या. फॅलेनॉप्सिसच्या पिल्लाला पहिली फुलं यायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात, डेंड्रोबियमला एक-दोन. पहिल्या वर्षातच बारीकसा दांडा निघाला तर तो खुडून टाका.

कुंडी बदलायची ती साधारण वर्षभराने, तीही नवी मुळं फुटत असताना. मॉस त्याआधीच काळपट, चिकट झालं तर लवकर. एकच माप मोठी कुंडी घ्या. जुनं मॉस मुळांना धरून बसलं असेल तर ओढू नका, पाण्यात भिजवून सुटेल तेवढंच काढा आणि बाकीचं मुळांसकट तसंच नव्या कुंडीत जाऊ द्या.